घरातल्या सात जणांची संस्था

प्रश्न : भंवरकुआंला माझा एमपीपीएससीचा क्लास आहे. इमारत पत्नीच्या नावावर आहे. एका सल्लागाराने सुचवलंय, की घरातल्याच सात जणांची सोसायटी नोंदवा, फी ‘देणगी’ म्हणून घ्या, पालकांना ८०-जीची, म्हणजे करवजावटीची, पावती द्या, भाडं पत्नीला, पगार तुम्हाला, गाडी संस्थेची. टॅक्सचा प्रश्नच मिटेल. हे कायदेशीर आहे का? काही गरीब मुलांना फुकट शिकवायची माझी खरोखर इच्छा आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. या सल्ल्यावर सही करू नका.

मध्य प्रदेशच्या १९७३च्या सोसायटी कायद्याला सात सदस्य लागतात, ते तुम्ही जमवाल. पण नोंदणी म्हणजे करमाफी नव्हे. त्यातून क्लास म्हणजे आयकराच्या दृष्टीने ‘शिक्षण’ नव्हे. लोकशिक्षण ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५मध्ये शाळा-कॉलेजच्या धर्तीचं पद्धतशीर अध्यापन म्हणजे शिक्षण, असा अर्थ लावला. पुढे पाटणा उच्च न्यायालयाने कोचिंगला त्यात बसवायला नकार दिला.

मला सर्वांत जास्त खटकली ती पावतीची युक्ती. मोबदल्यात शिकवणी मिळते, तेव्हा ती देणगी नसते, फीच असते. तुमच्या शब्दावर वजावट मागणारा एखादा शिक्षक किंवा दुकानदार पालक उद्या नोटीस हातात घेऊन उभा राहील. त्याचा यात काय दोष?

पगार आणि भाडं मुळातच निषिद्ध नाहीत. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १३ संस्थापक, विश्वस्त आणि त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त काही देऊ नका, एवढंच सांगतं. शेजारच्या तशाच इमारतीला जे भाडं मिळतं, तेवढं पत्नीला मिळालं तर हरकत नाही. दुप्पट दिलं, किंवा संस्थेची गाडी घरच्या लग्नाला फिरली, तर तो लाभ ठरतो. त्यावर ३० टक्के कर, शिवाय लाभाच्या रकमेएवढा दंड. पुन्हा सापडलात तर दंड दुप्पट. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी तत्त्व तेच आहे. पैसा वळवल्याचं सिद्ध झालं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणजे विश्वासघाताचा फौजदारी गुन्हाही लागू शकतो.

एकदा धर्मादाय केलेली मालमत्ता आपली राहत नाही, हे इंदूरकराला सांगायला लांब जायला नको. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या, ‘खासगी’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या ट्रस्टचाच निकाल पाहा. १९६२च्या या ट्रस्टकडे देशभरची मंदिरं, घाट, धर्मशाळा आहेत. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून वाद पेटला. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा सार्वजनिक न्यास आहे; १९५१च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याने नोंदणी करावी आणि झालेले व्यवहार निबंधकाने तपासावेत. आर्थिक गुन्ह्यांच्या चौकशीचा उच्च न्यायालयाचा आदेश त्याच निकालात रद्द झाला, हेही नमूद करायला हवं. पण होळकरांच्या ट्रस्टलाही हिशेब चुकला नाही, तर तुमच्या सोसायटीला कसा चुकेल?

तेव्हा क्लास तुमच्याच नावाने चालवा, नफा कमवा आणि त्यावर कर भरा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गरीब मुलांसाठी वेगळी, छोटी संस्था काढा. तिचं बँक खातं वेगळं, मंडळावर निम्म्याहून जास्त लोक घराबाहेरचे. विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक खंडवा रोडवर भेटतील, त्यांना विचारून बघा. इमारतीच्या भाड्याचा ठराव असेल त्या बैठकीत तुम्ही दोघं बाहेर थांबा आणि तसं इतिवृत्तात लिहा. रोख देणगी दोन हजारांवर घेऊ नका. त्यावर देणाऱ्याला ८०-जीची वजावट मिळत नाही. मुलाबाळांसाठीच काही राखून ठेवायचं असेल, तर १८८२च्या कायद्याखालचा खासगी ट्रस्ट हा वेगळा, उघड मार्ग आहे. धर्मादाय सवलत त्याला नाही.

नियमावलीचा मसुदा हाती आला, की आधी विसर्जनाचं कलम वाचा. उरलेली मालमत्ता सदस्यांनी वाटून घ्यावी असं त्यात असेल, तर तो मसुदा परत पाठवा.