दोष बॅटरीचा की जोडाचा?

इतिहासाच्या शिक्षकाने मोटारीच्या बॅटरीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करू लागलो, तेव्हा याच आवारात एका माजी विद्यार्थ्याने मला शिकविलेला धडा प्रथम आठवला. आज आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या दारी जुनी का होईना गाडी उभी आहे. त्यांना तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

आपल्या शाळेची जुनी जीपगाडी दिघोरी परिसरात बहुतेकांच्या ओळखीची आहे. वैशाखाच्या उन्हात इंजिनाच्या शेजारी तापून तिच्या बॅटरीचे पाणी वारंवार आटत असे. कार्यक्रमाच्या वेळी त्याच बॅटरीवर ध्वनिक्षेपक चालविण्याची सोयही हवी होती. म्हणून बॅटरी बॉनेटखालून काढून मागच्या आसनाखाली बसविण्याचे ठरले. हाताशी होती तीच वायर वापरून खर्च वाचवावा, हा आग्रह कारागिराचा नव्हता. तो आम्हा व्यवस्था पाहणाऱ्यांचा, आणि त्यात माझाही होता.

काही दिवसांतच गाडी कुरकुरू लागली. दिवे मंद, हॉर्न घोगरा, सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज. बॅटरी जुनी झाली, असे कुणीतरी म्हटले आणि आम्ही ते मानले. नवी बॅटरी आणली. महिनाभरात तीही उतरली. तिलाही सदोष ठरवून दुसरी आणली. मग पावसाळ्यातील एका रात्री वसतिगृहातील सहावीच्या मुलाला तापाने झटके येऊ लागले. गाडी सुरू होईना. मोठ्या मुलांनी चिखलातून धक्का मारून ती कशीबशी चालू केली. मूल वाचले, पण त्या अर्ध्या तासाचा हिशेब आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेतलेला आपला एक माजी विद्यार्थी आला. मी त्याला तिसऱ्या बॅटरीची किंमत विचारली. तो म्हणाला, “सर, बॅटरीला दोष देण्याआधी मोजून पाहू या.” त्याने मल्टीमीटर काढला. पुढचा तासभर तो शिक्षक होता आणि मी विद्यार्थी.

मोटारीच्या बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे सहा घट असतात. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आमची तेवढेच दाखवीत होती. म्हणजे त्या वेळी ती भरलेली होती. सेल्फ मारताना तिच्या टोकांवर ११.२ व्होल्ट मिळाले, परंतु स्टार्टरपाशी मात्र ८.६ व्होल्टच पोहोचत होते. मधले २.६ व्होल्ट कुठे गेले?

ते शोधण्याची रीत सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी स्टार्टरच्या धन टोकाला लावून कुणालातरी सेल्फ मारण्यास सांगावे. मीटर जे दाखवील तेवढा दाब त्या वाटेत हरवला, असे समजावे. आमच्या गाडीत तो ०.९ व्होल्ट होता. मग बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये तसेच मोजले, तेथे १.७ व्होल्ट निघाले. दोहोंची बेरीज नेमकी २.६. हरवलेल्या दाबाचा पुरता हिशेब लागला. सुस्थितीतील गाडीत धन बाजूचा तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आणि ऋण बाजूचा ०.२ व्होल्टच्या आसपास असावा.

धन बाजूचे कारण वायरीची जाडी. स्टार्टर २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. १६ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या वायरीत एवढ्या प्रवाहाला सुमारे ०.९ व्होल्टचा तोटा होतो; ५० चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो ०.३ च्या आत राहतो. बॅटरी इंजिनाशेजारी असताना हातभर वायर पुरत होती. अंतर वाढले, जाडी मात्र आम्ही वाढविली नाही.

ऋण बाजूचा दोष अधिक लपलेला होता. पूर्वी बॅटरीची ऋण वायर थेट इंजिनाला जोडलेली होती. बॅटरी हलविताना ती काढली आणि नवी वायर मागे बॉडीच्या रंगावरच बोल्टने आवळली. रंगातून वीज नीट जात नाही. शिवाय इंजिन रबरी बैठकीवर बसलेले असते. त्यामुळे बॉडीपासून इंजिनापर्यंत प्रवाहाला धड वाटच उरली नव्हती. बिचारा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या तारेतून मार्ग काढीत होता. सेल्फ मारल्यावर ती तार हाताला गरम लागत होती. अल्टरनेटरही इंजिनावरच बसविलेला असल्याने त्याच्यापाशी १४.३ व्होल्ट असताना बॅटरीला १३.४ च मिळत होते. त्यामुळे तिला पुरती भरायला फार वेळ लागत होता. दोन्ही ‘सदोष’ बॅटऱ्या वस्तुतः उपाशी होत्या.

उपाय एका दुपारीत झाला. जाड वायर घातली. बॉडीवरचा रंग खरवडून चकाकत्या धातूवर जोड आवळला आणि गंज धरू नये म्हणून वर ग्रीस लावले. इंजिन, चेसिस आणि बॉडी यांना जोडणारी स्वतंत्र जाड अर्थिंगची पट्टी बसविली. पुन्हा मोजले; एकूण तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आला.

त्याने दोन धोकेही दाखविले, ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावेत. बॅटरीजवळ फ्यूज नसलेली लांब धन वायर पत्र्यावर घासून उघडी पडली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून गाडी पेटू शकते. म्हणून योग्य क्षमतेचा मोठा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी बुश हवे. दुसरे, बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. माणसे बसतात त्या जागी बॅटरी असेल, तर ती घट्ट बांधलेल्या बंद पेटीत ठेवून पेटीची नळी गाडीबाहेर काढावी. आमच्या गाडीत यांपैकी काहीही नव्हते आणि त्या आसनावर मुले बसत होती. काम करताना ऋण वायर आधी सोडावी आणि शेवटी जोडावी, हा नियमही विसरू नये.

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो: कारणाशिवाय काही घडत नाही, कारण दूर केले की परिणामही दूर होतो. केवळ परंपरेने अथवा कुणी थोराने सांगितले म्हणून मानू नका, असा कालाम सुत्ताचा उपदेशही सांगितला. परंतु घरची गाडी अडली, तेव्हा ‘कुणीतरी म्हटले’ एवढ्यावर मी दोन बॅटऱ्यांचे पैसे घालविले. तपासून पाहणारा मात्र मल्टीमीटर हाती घेतलेला माझा विद्यार्थी होता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. विजेचे नियोजनही त्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युत धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुबलक आणि स्वस्त विजेचा संबंध थेट दारिद्र्यमुक्तीशी जोडला होता. ज्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला विद्येपासून दूर ठेवले आणि विद्यावंताला श्रमापासून, तिचा अवशेष आपल्याही मनात उरलेला असतो. पदवी घेतलेल्या मुलाचा सत्कार आपण व्यासपीठावर करतो, आणि वीजतंत्री झालेल्याला कार्यक्रमाचा ध्वनिक्षेपक जोडायला बोलावतो. या वर्षी तरी त्याला वर्गात बोलवावे आणि मुलांच्या हाती मीटर द्यायला सांगावे, अशी माझी व्यवस्थापनाला नम्र विनंती आहे.

जय भीम.