आधी पाणी, मग मासे



आमच्या घरी माशांची काचेची पेटी आहे. तिच्यात दोन छोटे मासे आहेत. त्यांचे नाव रॅम. त्यांच्या अंगावर निळे ठिपके चमकतात. डोळ्यावरून एक काळी रेघ जाते. पूर्ण वाढलेला रॅम सुमारे ५ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे आपल्या बोटाएवढाच. बाई मला म्हणाल्या, "पेटी कशी लावायची ते भित्तिपत्रकात लिही. आणि काय चुकलं तेपण लिही." म्हणून मी दोन्ही लिहिते.

रॅम कोण?

रॅम हा सिक्लिड कुळातला मासा आहे. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नावाची मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात, व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांत, तो राहतो. तिथले पाणी उबदार आणि मऊ असते.

या कुळातला एक मासा तुम्ही बाजारात पाहिला असेल. ती म्हणजे चिलापी! चिलापी मूळची आफ्रिकेची. ती १९५२ साली भारतात आणली. ती गढूळ पाण्यातसुद्धा जगते. कोकणातला कालुंदर मासाही याच कुळातला आहे, पण तो आपल्याच देशाचा आहे. एका कुळातले असले तरी रॅम मात्र फार नाजूक. पाण्यात थोडे बिघडले की तो आजारी पडतो.

माझी चूक

मे महिन्याच्या सुट्टीत मामांनी मला पेटी दिली आणि चार रॅम आणले. मामा म्हणाले, "आधी पाणी तयार होऊ दे. मासे तोवर माझ्या पेटीत राहतील." पण मी रडून हट्ट केला. मग आम्ही बोअरचे पाणी भरले आणि त्याच दिवशी मासे सोडले. मी त्यांना दिवसातून पाच वेळा खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. सहाव्या दिवशी चारही मेले. पाणी तर स्वच्छ दिसत होते! मी त्या दिवशी जेवले नाही. आजी म्हणाली, "आगं, नुसतं रडून काय व्हनार? का मेले ते इचार."

मासे का मेले?

मामांनी मला गोठ्यात नेले. गोठा झाडला नाही तर नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचा वास. माशांची घाण आणि उरलेला खाऊ यांपासून पाण्यातही अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी ते विषच असते.

पेटीतल्या वाळूवर आणि स्पंजावर अगदी बारीक जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर मासे सहन करतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध तापवले की लगेच दही होत नाही, विरजण लावून थांबावे लागते. तसेच हे आहे.

दुसरे कारण पाण्याचे. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. आंघोळीच्या बंबात पांढरा थर बसतो. असे पाणी जड असते, कारण खडकातले क्षार त्यात विरघळलेले असतात. रॅमला मऊ पाणी लागते. आणि पावसाचे पाणी मऊ असते!

पेटी अशी लावा

१) पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच. पाणी २५ सेंमी भरायचे. ६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंमी, म्हणजे ४५ लिटर. त्याचे वजनच ४५ किलो होते. म्हणून पेटी डुगडुगत्या टेबलावर ठेवू नये. आम्ही फरशीच्या कट्ट्यावर ठेवली.

२) पहिला पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या. नंतरचे पाणी स्वच्छ पिंपात फडक्याने गाळून घ्या. आम्ही तीन बादल्या पावसाचे आणि एक बादली बोअरचे असे पाणी मिसळतो. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. ते वापरायचे असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवा.

३) बारीक वाळू पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. आधी चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, ती घेऊ नका. रॅम वाळू तोंडात घेतो, त्यातले खाणे टिपतो आणि वाळू टाकून देतो. म्हणून टोकदार खडी नको.

४) लपायला फुटक्या मडक्याचे खापर ठेवा. एक चपटा दगड ठेवा. हायड्रिला लावा. आम्ही शाळेच्या अंगणातल्या देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन टाकले. पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, पण घाबरू नका.

५) हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर लावा. मामांनी त्यांच्या जुन्या पेटीतला स्पंज दिला. तेच आमचे विरजण! स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात हलका धुवावा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात.

६) रॅमला २७ ते ३० अंश उबदार पाणी लागते. त्यासाठी हीटर आणि तापमापी हवी. पाण्यात हात घालण्याआधी मोठ्या माणसाला हीटरचे बटण बंद करायला सांगा.

७) आता माशांशिवाय थांबा! आम्ही पाच आठवडे रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाऊ टाकला. मामा दर रविवारी थेंबांच्या बाटलीने पाणी तपासत. मी वहीत लिहीत असे. आधी अमोनिया वाढला, मग नायट्राइट वाढले. शेवटी दोन्ही शून्य झाले. तेव्हाच दसऱ्याला आम्ही दोन रॅम आणले.

८) माशांची पिशवी अर्धा तास पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग पिशवीत पेटीतले पाणी थोडे थोडे घाला. शेवटी मासे सोडा.

रोजची कामे

दिवसातून दोनदा, अगदी थोडा खाऊ. दोन मिनिटांत संपेल इतकाच. दर रविवारी एक बादली पाणी काढून तेवढेच तयार पाणी घालायचे. ते पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट हवे.

आजी पहिल्यांदा रागावली होती. "उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो आपण, आन् तू माशांला पानी बदलती व्हय?" तिचे बरोबर होते. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. मीही मांडला. आठवड्याला १० लिटर पाणी निघते. ते सगळे कढीपत्त्याला आणि तुळशीला जाते. त्या पाण्यात खत असते. कढीपत्ता आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. आता आजीच रविवारी बादली घेऊन येते.

थंडीत एकदा रात्री लाईट गेली. आम्ही पेटीला गोधडी गुंडाळली. सकाळी आधी मी तापमापी बघितली. २५ अंश होते. मासे खापराखाली होते, पण जिवंत होते. मला लई आनंद झाला.

लक्षात ठेवा

पेटीतले मासे कधीही ओढ्यात, विहिरीत किंवा धरणात सोडू नयेत. परके मासे आणि त्यांचे रोग आपल्या नदीतल्या माशांना त्रास देतात.

मासा मुका असतो. पाणी खराब आहे हे तो सांगू शकत नाही. म्हणून ते आपणच आधी पाहायचे. मला हे चार मासे मेल्यावर कळले. तुम्हाला वाचून कळावे म्हणून मी लिहिले.

सांगा पाहू!

१) स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे का मेले?
२) स्पंज नळाखाली का धुवू नये?
३) तुमच्या घरच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का? करून पाहा आणि वर्गात सांगा.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी