खेळ म्हणजे वेळ घालवणे नव्हे

सकाळ झाली की भिंगारच्या वस्त्यांतून आया कामाला बाहेर पडतात. कुणी धुण्याभांड्याला, कुणी दुकानात, कुणी एमआयडीसीत. मूल आजीकडे नाहीतर शेजारच्या मावशीकडे राहते. एकेका घरात तीन-चार मुले जमतात. दारावर पाटी नसली तरी ते पाळणाघरच. त्या आजीसाठी आणि मावशीसाठी हे पान.

अशा घरांत आम्हाला दोन गोष्टी वारंवार दिसतात. मूल रडले की हातात मोबाईल आणि तीन वर्षांचे झाले की पुढ्यात पाटी. दोन्हींमागे मायाच असते. बाबासाहेबांच्या घरातले लेकरू शिकलेच पाहिजे, ही तळमळही असते. पण अडीच-तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरण्याइतके बळ आलेले नसते. जबरदस्तीने गिरवायला लावले तर अक्षर येत नाही, शाळेची भीती मात्र बसते.

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. या वयात मूल हात लावून, सांडून, विचारून शिकते. त्याचा खेळ हाच त्याचा अभ्यास.

हे आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. महागडी साधने आणली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांवरच मुले शिकली. अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ तिथे आहे. सरकारची अंगणवाडी योजना पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

घरात काय खेळावे?

एक वर्षापर्यंत : वाटी-चमचा वाजवणे, पदराआड लपून 'भो' करणे, बाळाशी बोलणे. ते 'आ' म्हणाले की आपणही 'आ' म्हणावे.

एक ते तीन वर्षे : डब्याला झाकण लावणे, पेल्याने पाणी ओतणे, कणकेचा गोळा दाबणे. भाजी निवडताना शेजारी बसवावे. 'ही मेथी, ही कोथिंबीर, वास घे' असे बोलत राहावे.

तीन ते सहा वर्षे : चपला जोडीने लावणे, 'पाच माणसांना पाच ताटल्या' मांडणे, लंगडी, भातुकली, गोष्ट अर्धी सांगून 'पुढे काय झाले?' विचारणे. मोजणे, बोलणे, थांबणे, वाटून घेणे हे सारे यात येते.

हे सांभाळा

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, शेंगदाणे, मणी, गोटी देऊ नये, घशात अडकते. घड्याळातले किंवा खेळण्यातले गोल चपटे सेल मुलांपासून दूर ठेवावेत. असा सेल गिळल्याचा संशय आला तरी तासाचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ मुलाला एकटे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दोन वर्षांखाली मोबाईल-टीव्ही नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत.

दोन वर्षे होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगावे, कान तपासून घ्यावेत. लवकर कळले तर उपाय लवकर सुरू होतो. यात आईचा दोष शोधू नये.

आजीचे गुडघे दुखतात, मावशीला स्वतःचा स्वयंपाक असतो, हे आम्ही जाणतो. दिवसभर खेळवा असे आमचे म्हणणे नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास मोठ्या माणसाने मुलाजवळ बसावे. संध्याकाळचा अर्धा तास वडिलांनी घ्यावा. घरात एक 'खेळाचा डबा' करावा : झाकणे, चिंध्यांची बाहुली, रिकाम्या काड्यापेट्या. रविवारी विहारात वंदनेनंतर या डब्यांची अदलाबदल करता येईल. त्यासाठी वर्गणी लागत नाही.

जय भीम!