आंघोळीच्या पाण्याचं सरपण: खरा खर्च किती?

तीन वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही एक टन सरपण घेतलं. टेम्पो अंगणात रिकामा झाला, ढीग बघून बरं वाटलं, आणि मिरगाच्या आधी सगळं खोपीत रचून झालं. आषाढात बंब पेटवायला बसलो तर लाकूड पेटेना. टोकांतून फेस यायचा, फुंकणीनं फुंकून डोळे लाल व्हायचे आणि पाणी कोमटाच्या पुढे जायचं नाही. विकणाऱ्यानं 'सुकं आहे' म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही एक ढलपीही हातात न घेता पैसे मोजले होते. त्या पावसाळ्यात लाकूडही गेलं आणि गॅसही जाळावा लागला. तेव्हापासून मी सरपणाचा हिशेब वहीत ठेवतो. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा गावाकडच्या घरात जे लाकडावर पाणी तापवतात, किंवा गॅस महागला म्हणून पुन्हा तापवू पाहतात, त्यांच्यासाठी त्या वहीतला हा हिशेब.

सुरुवात पाण्यापासून करू. पाच माणसांचं घर, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली, म्हणजे शंभर लिटर. पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणून रोजची गरज 2,000 किलोकॅलरी. ही गरज विजेला, गॅसला आणि लाकडाला सारखीच. फरक पडतो तो त्यातली किती उष्णता पाण्यात जाते आणि किती भिंतीला, हवेला नि धुराला जाते यात.

विजेच्या एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी असतात. गिझरची थोडी गळती धरली तर रोज 2.6 युनिट. दर मात्र बिलाच्या सरासरीवरून काढू नका. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे आहेत, आणि गिझरचे महिन्याचे 78 युनिट तुमच्या वापराच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात. ज्या टप्प्यात ते पडतात त्याचा दर, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून धरा. इथे सोयीसाठी दहा रुपये धरतो. रोजचे 26 रुपये झाले.

गॅसमध्ये किलोला सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात. शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं तर त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग कामी येतो. म्हणजे रोज 300 ग्रॅम. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांना धरला तर रोजचे 19 रुपये. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल. आकडा बदला, रीत तीच ठेवा.

आता लाकूड. इथे नीट थांबायला हवं, कारण लाकूड विकत घेताना आपण बहुतेक वेळा पाणी विकत घेतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. 45 टक्के धरा. एक टनात 450 किलो पाणी आणि 550 किलो लाकूड. वाळून ओल 20 टक्क्यांवर आली की त्याच ढिगाचं वजन सुमारे 690 किलो भरतं. तीनशे लिटरहून जास्त पाण्याचे पैसे आपण दिलेले असतात. बरं, न वाळवता जाळलं तर ते पाणी उकळून वाफ करायला त्याच लाकडातली आग खर्ची पडते. वाळलेलं लाकूड किलोला 3,500 किलोकॅलरीच्या आसपास देतं, ओलं जेमतेम 2,200, आणि त्यातही निम्मं धुरात जातं की काय असं वाटावं इतका धूर होतो.

हिशेब असा पडतो. ओलं लाकूड समजा चार रुपये किलोनं पोच मिळालं. टनाचे 4,000. फोडणाऱ्याची मजुरी दिवसाला 700 रुपये धरा. आमच्याकडे येणारे दादा दिवसाला पाचशे किलो फोडतात, तेही गाठी कमी असतील तर. दोन दिवसांचे 1,400. एकूण 5,400 रुपये, आणि वाळल्यावर हाती उरतं 690 किलो. म्हणजे जळण्याजोगं लाकूड आठ रुपये किलो पडलं, चार नव्हे.

ते उघड्या चुलीत जाळलं तर उष्णतेचा फक्त 10 ते 15 टक्के भाग भांड्याला लागतो. 15 धरूनही शंभर लिटरला 3.8 किलो लाकूड, म्हणजे रोजचे 30 रुपये. विजेपेक्षाही महाग! बंबात आग पाण्याच्या मधोमध नळीत असते, त्यामुळे आमच्याकडे वजन करून पाहिलं तेव्हा जळण चुलीच्या निम्मं लागलं. रोजचे 15 रुपये. गॅसपेक्षा चार रुपये कमी, आणि त्यात पहाटे उठून पेटवणं, राख काढणं धरलेलं नाही. लाकूड फुकटात पाणी तापवतं असं जे आपण बोलतो, ते फक्त ज्याच्या बागेत लाकूड आहे आणि अंगात फोडण्याची ताकद आहे त्याच्यापुरतं खरं आहे. सगळं विकतचं असेल तर मी सरपणाचा सल्ला देणार नाही.

घेताना काय बघायचं

टेम्पोच्या मापात कधी घेऊ नका. नीट रचलेल्या ढिगातही तिसरा हिस्सा हवा असते, आणि टेम्पोत नुसतं फेकलेलं असेल तर त्याहून जास्त. वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली गाडी तोलून पावती घ्या. पण वजनावर घेताना ओल आपल्या मुळावर येते, म्हणून ढिगाच्या मधली एक ढलपी मागून घ्या आणि तिथेच फोडायला सांगा. आतला भाग गालाला लावून बघा. गार लागला तर ओलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. टोकांना उभ्या भेगा आणि सुटत आलेली साल ही चांगली खूण. पावसाळ्याच्या तोंडावर सुक्याच्या भावानं ओलं विकलं जातं, कारण त्या वेळी गरजू माणूस घासाघीस करत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात ओलं म्हणून, ओल्याच्या भावानं घ्या आणि वाळवण्याचं काम उन्हाला करू द्या.

जातीचं म्हणाल तर ऐन, किंजळ, बाभूळ, आकेशिया, सुरू ही जड लाकडं निखारा धरतात. पांगारा, सावर, शेवगा भुरूभुरू जळून जातात, पेटवणापुरतीच ठेवावीत. वजनावर घेतलं तर हलकं नि जड लाकूड वाळल्यावर किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं, हे मात्र लक्षात असू द्या. जड लाकडासाठी फार जास्त भाव देऊ नका. बिबव्याचं लाकूड ढिगात आलं तर बाजूला काढा. त्याचा चीक अंगावर उततो आणि धूरही बाधतो. रंग मारलेल्या फळ्या आणि प्लायवूड बंबात घालू नये.

स्वतःच्या जमिनीतलं झाड आहे म्हणून कुऱ्हाड घातली, असंही करू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 खाली ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते. शहरी हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे. दारात सरपण टाकणाऱ्यालाही वाहतुकीचा पास आहे का विचारा.

फोडणं

मजुरीचे 1,400 रुपये वाचवायचे तर हे काम शिकावं लागतं, आणि ते येण्यासारखं आहे. ताकदीपेक्षा नजर लागते. कापणीचा खर्च वेगळा असतो, पण कटरवाला तासावर येतो आणि बुंध्याचे हातभर लांबीचे तुकडे करून देतो. त्याला बंबाची नळी दाखवून लांबी ठरवा. नंतर प्रत्येक तुकडा चार बोटं लांब निघाला की रडू येतं.

लाकूड ओलं असतानाच फोडा. बहुतेक लाकडं ओली असताना सहज उलतात, वाळली की लोखंड होतात. शिवाय साल पाणी धरून ठेवते; फोडल्यावर आतलं अंग उघडं पडतं आणि वाळायला लागतं. न फोडलेला ओंडा वर्षभर खोपीत ठेवला तरी आत ओलाच राहतो. आमची ती वैशाखातली चूक हीच होती: जाडजूड ओंडेच्या ओंडे रचले आणि ते पावसाळ्यात फोडायला काढले.

खाली गुडघ्याच्या खालपर्यंत येईल असा रुंद ओंडा ठेवा, त्यावर तुकडा उभा करा. पाय खांद्याएवढे फाकवून, कुऱ्हाड चुकली तरी ती ओंड्यात बसेल, पायावर येणार नाही इतकं अंतर ठेवून उभे राहा. आधी टोकाची भेग शोधा आणि घाव तिच्या रेषेत घाला. मोठा तुकडा मधोमध फोडायला जाऊ नका, कडेकडेनं ढलप्या काढत आत या. गाठ असेल तर ती खालच्या बाजूला ठेवा आणि तीही फुटली नाही तर पाचर आणि घण घ्या. तुकडा जुन्या टायरमध्ये उभा केला तर ढलप्या इकडेतिकडे उडत नाहीत, वाकून गोळा करण्याचे कष्ट वाचतात. माझी कंबर या टायरनंच वाचवली.

हत्यारावर पैसे वाचवू नका. बाजारातल्या हलक्या पत्र्याच्या कुऱ्हाडीपेक्षा लोहाराकडून घडवून घेतलेली, जाड गालांची कुऱ्हाड लाकडाला फाकवते. पातळ पात्याची नुसती रुतून बसते. दांडा धामणीचा मिळाला तर उत्तम, तो लवचीक असतो. वर्षातून एकदा पाजवून आणा. कुऱ्हाडीच्या माथ्यानं पाचर ठोकू नका, तिचं नेढं फाकतं. पाचरेचा माथा ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरला असेल तर कडा घासून घ्या, कारण घणाखाली तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. चष्मा लावाच.

बंबासाठी ढलपी मनगटाएवढी जाड, त्याहून जास्त नको. रचताना जमिनीवर टेकवू नका, वाळवी लागते. खाली जांभ्या चिऱ्यांची रांग, वर पोफळीचे वासे, आणि भिंतीपासून वीतभर जागा. वर छप्पर, पण बाजू उघड्या. प्लास्टिकनं गुंडाळून ठेवलेलं लाकूड आतल्या आत कुजतं. एका ढलपीवर खडूनं खूण करून दर पंधरा दिवसांनी तिचं वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. पावसात ढलपी उचलताना हातमोजे घाला, विंचवाला ही जागा फार आवडते.

बंब

तांब्याचा बंब वजनावर विकतात. दुकानदाराला भाव विचारण्याआधी वजन विचारा, आणि नळीचा पत्रा बाहेरच्या पत्र्याहून पातळ नाही ना हे नखानं वाजवून बघा. जुना बंब स्वस्त मिळतो, पण घेण्याआधी भरून रात्रभर ठेवा; गळका असेल तर सकाळी राखेच्या जागी ओल दिसते. रोज चार रुपये वाचणार असतील तर नव्या बंबाची किंमत फिटायला किती वर्षं लागतील, हे घेण्याआधी कागदावर मांडा. वडिलोपार्जित बंब माळ्यावर पडला असेल तर गोष्ट वेगळी.

आधी पाणी, मग आग. रिकाम्या बंबात आग पेटली तर नळीचे सांधे जातात. आणि बंब कधीही बंद न्हाणीघरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपल्यासारखा कोसळतो. पडवीत किंवा मागच्या अंगणात तापवा आणि बादली आत न्या. म्हाताऱ्या माणसांना ती उचलायला लागू नये, याची सोय त्याच वेळी बघा.

नारळाची बाग असेल तर अर्धा खर्च तिथेच उतरतो. सोडणं, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या, पोयी हे सगळं जळण आहे. करवंटी तर अशी तापते की बंबात एका वेळी चार-पाचच्या वर घालू नये. आम्ही आता विकतचं लाकूड टनावरून पाव टनावर आणलं आहे. बाकी काजू-आंब्याच्या छाटणीचं आणि माडाखालचं. उन्हाळ्यात पाणी तापवतच नाही, टाकीतलंच उन्हानं कोमट येतं. राख पूर्ण निवल्यावर, दुसऱ्या दिवशी, पत्र्याच्या डब्यात काढतो. ती माडांच्या आळ्यात जाते, थोडी तांब्याची भांडी घासायला राहते.