‘लिजन’ : एका लष्करी शब्दाची ओळख



‘लिजन ऑफ मेरी’ हे नाव आपल्या परिचयाचे आहे. पण हाच शब्द शुभवर्तमानात एका भूतग्रस्ताच्या तोंडी येतो. पवित्र मरियेच्या सेवकांना आणि अशुद्ध आत्म्यांना एकच नाव कसे? आज हे समजून घेऊ या.

मूळ अर्थ

लॅटिन भाषेतील ‘लेगेरे’ म्हणजे गोळा करणे, निवडणे. त्यावरून ‘लेजिओ’ हा शब्द झाला. प्राचीन रोममध्ये सैन्यासाठी नागरिकांतून माणसे निवडून घेत, त्या भरतीला हे नाव होते. पुढे ते सैन्याच्या मुख्य दलालाच मिळाले.

प्रभू येशूच्या काळी एका लिजनमध्ये सुमारे ५,००० सैनिक असत. त्यांच्या १० पलटणी, आणि साधारणपणे प्रत्येक पलटणीत ६ ‘शतके’. शतकाचा प्रमुख तो शताधिपती. नाव शंभराचे असले तरी त्याच्या हाताखाली प्रत्यक्षात ८० च्या आसपास सैनिक असत. कफर्णहूमच्या शताधिपतीने (मत्तय ८:५-१३) नम्रपणे काढलेल्या उद्गारांवरूनच आपण कम्युनियनपूर्वी म्हणतो ती प्रार्थना आली आहे.

शुभवर्तमानातील लिजन

गरसेकरांच्या प्रदेशात प्रभू त्या भूतग्रस्ताला नाव विचारतो, तेव्हा उत्तर येते ‘लिजन’ (मार्क ५:१-२०). आपल्या मराठी बायबलमध्ये तेथे ‘सैन्य’ असे भाषांतर आहे. रोमच्या सत्तेखाली राहणाऱ्यांना हा शब्द परक्या फौजेचा होता. इ.स. ७० मध्ये टायटसच्या लिजननी जेरुसलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. त्या माणसाच्या मनाचीही अशीच लूट झाली होती. त्याचे स्वतःचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. प्रभू त्याला मुक्त करतो आणि त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो.

गेथशेमनी बागेत अटकेच्या वेळी हा शब्द प्रभूच्या मुखी येतो (मत्तय २६:५३). पित्याकडे मागितले तर देवदूतांच्या बारा लिजनहून अधिक मदत मिळेल, असे तो सांगतो. बारा लिजन म्हणजे सुमारे ६०,००० सैनिक! तरीही तो ते बळ मागत नाही आणि शिष्याला तलवार म्यान करायला लावतो.

मरियेची लिजन

७ सप्टेंबर १९२१ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात फ्रँक डफ या सरकारी नोकराच्या पुढाकाराने ही चळवळ सुरू झाली. तिने रोमन सैन्याचे शब्द घेतले. मूळ गटाला ‘प्रेसिडियम’ म्हणतात. त्याचा जुना अर्थ चौकीवरील शिबंदी. मात्र रोमन निशाणावरील गरुडाच्या जागी पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबूतर आले आणि सम्राटाच्या प्रतिमेच्या जागी पवित्र मरियेची. शिस्त सैन्याची राहिली, पण काम बदलले. दोघादोघांनी घरोघरी जायचे, आजारी व एकाकी माणसांची विचारपूस करायची आणि साप्ताहिक सभेत केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा.

‘लिजन’ म्हणजे निवडलेली माणसे. रोमने माणसे निवडली ती देश जिंकण्यासाठी. आपल्या बाप्तिस्म्यात आपलीही निवड झाली आहे, ती कोणाच्या तरी दारी जाण्यासाठी.

विचार करू या

१. आपल्या आळीत असे कोण आहे, ज्याला लोक नावाऐवजी त्याच्या आजारावरून किंवा व्यसनावरून ओळखतात?

२. या आठवड्यात आपण दोघे मिळून कोणाच्या घरी जाणार?