अंतर्मुख आणि सेवाशील स्वभाव

मनुष्यस्वभावाचे प्रकार पाडण्याचा प्रयत्न फार प्राचीन आहे. आयुर्वेदाने वात, पित्त व कफ यांच्या आधारे प्रकृती सांगितल्या. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून स्वभाव ठरविले. आधुनिक काळात या विचाराला नवे वळण दिले ते कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाने. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने अंतर्मुख व बहिर्मुख असा भेद केला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज व तिची कन्या इझाबेल मायर्स यांनी युंगच्या कल्पनांवरून एक प्रश्नावली तयार केली व सोळा स्वभावप्रकार कल्पिले. त्यांपैकी एक प्रकार अंतर्मुख, तपशिलाविषयी दक्ष आणि इतरांची काळजी वाहणाऱ्या व्यक्तीचा होय.

अंतर्मुखता म्हणजे लाजाळूपणा नव्हे. लाजाळू मनुष्यास इतरांच्या मताचे भय वाटते. अंतर्मुख मनुष्यास तसे भय असेलच असे नाही. चार माणसांत वावरल्यानंतर त्याला विसाव्यासाठी एकांत हवा असतो, इतकेच. दिल्लीतील एखाद्या सरकारी कचेरीची कल्पना करावी. तेथे एखादा कर्मचारी सभेत क्वचितच बोलतो. परंतु कोणत्या नस्तीत कोणता कागद राहून गेला आहे, हे नेमके त्यालाच ठाऊक असते. सहकाऱ्याची आई रुग्णालयात असल्याचे त्याच्या ध्यानात राहते आणि न बोलता तो त्याचे काम उरकून ठेवतो. त्याची माया शब्दांतून नव्हे, तर कृतीतून प्रकट होते.

या गुणांची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ज्याचे काम बिनचूक होते त्याच्याकडेच नवे काम येते. त्याला नकार देणे जड जाते. केलेल्या कामाचा तो स्वतः उच्चार करीत नाही आणि इतरांनाही ते दिसत नाही. ते काम ज्या दिवशी होत नाही, त्याच दिवशी त्याची जाणीव होते. मनात साठलेला शीण वा खंत बाहेर पडण्यापूर्वी बराच काळ लोटतो. त्यामुळे मौन म्हणजे संमती किंवा दुर्बलता, असा गैरसमज सहज होतो.

हा गैरसमज किती चुकीचा असू शकतो, हे दिल्लीत दीर्घकाळ कार्य केलेल्या एका मराठी पुरुषाच्या चरित्रावरून दिसून येते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली रायगड जिल्ह्यातील नाते या गावी झाला. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत हीच बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. दोन्ही देशांचे हिशेब सांभाळण्याचे ते नाजूक काम त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले. मितभाषी व काटेकोर प्रशासक अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या विसाव्याच्या जागाही एकांताच्याच होत्या: झाडेझुडपे आणि संस्कृत काव्य. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत अनुवाद केला.

असा हा शांत पुरुष १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री होता. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्रशासित करण्याचा निर्णय १९५६ साली जाहीर झाला. मुंबईत निदर्शकांवर गोळीबार झाला व अनेकजण मृत्युमुखी पडले. निर्णयाची पद्धती आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणे, या दोन्ही गोष्टी देशमुखांना मान्य झाल्या नाहीत. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी मंत्रिपद सोडले व आपली कारणे लोकसभेत मांडली. त्यानंतर ते पुन्हा शांतपणे संस्था उभारण्याच्या कामास लागले. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ आणि लोदी बागेलगतचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थांची धुरा त्यांनी वाहिली.

देशमुखांनी एखादी प्रश्नावली सोडविली असती तर त्यांना कोणते नाव मिळाले असते, हा प्रश्न येथे गौण आहे. किंबहुना अशा नावांविषयी सावधगिरीच बाळगली पाहिजे. तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडविली असता अनेकांचा प्रकार बदलतो, असे आढळून आले आहे. बहुतेक मनुष्ये अंतर्मुख व बहिर्मुख या दोन टोकांच्या मधोमध कोठेतरी असतात. म्हणून आजचे मनोवैज्ञानिक स्वभावाचे कप्पे न पाडता त्याचे कमीअधिक प्रमाण मोजणे अधिक पसंत करतात. स्वभावप्रकार ही एक खूण आहे. ती मनुष्याची मर्यादा नव्हे.

या खुणेचा खरा उपयोग शेजारच्या माणसाला होतो. घरातील अथवा कचेरीतील अबोल व्यक्तीस चारचौघांत नव्हे, तर एकांतात आणि नेमकेपणाने विचारावे. ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. ‘यातील कोणते काम दुसऱ्याकडे द्यावे?’ असे विचारल्यास खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. आणि तिने केलेल्या कामाची दखल ती सांगेपर्यंत थांबून न राहता घ्यावी. कारण ती बहुधा सांगणार नाही.