दोन थेंब

मुलांनो, पोलिओ रविवारी तुम्ही आपल्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला बूथवर नेले असेल. ताई बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकतात आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात. झाले काम! पण हे दोन थेंब तेथे येतात कसे?

आपल्या राज्यघटनेप्रमाणे दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य ही राज्यांची जबाबदारी आहे. मग दिल्लीच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे काम काय? विचार करा. रोगाला राज्याची हद्द कळत नाही. बिहारमधला विषाणू आगगाडीने मुंबईत येऊ शकतो. सर्व राज्यांनी एकाच दिवशी लस पाजली, तरच त्याला लपायला जागा उरत नाही. तो दिवस मंत्रालय ठरवते. लस मिळवून ती राज्यांकडे पाठवण्याचे कामही तेच करते. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, ती अशीच.

ही लस मोठी नाजूक असते बरे का! दिल्लीपासून तुमच्या मोहल्ल्यापर्यंत ती थंडच राहिली पाहिजे. म्हणून बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन छापलेला असतो. लसीला उष्णता लागली की चौकोन काळपट होऊ लागतो. त्याचा रंग गोलासारखा झाला, की ती बाटली वापरत नाहीत.

पण बर्फाने लस टिकते, विश्वास टिकत नाही. या थेंबांमुळे पुढे मुलेबाळे होत नाहीत, अशी अफवा उत्तर प्रदेशात पसरली. ती खोटी होती. पण घाबरलेल्या आईबापांनी दारे लावून घेतली आणि त्यांचीच मुले पांगळी होऊ लागली. तेथे सरकारी हुकूम काय करणार? तेव्हा उलमा पुढे आले. मशिदींतून आवाहन झाले. इमामसाहेबांनी लोकांसमोर लहान मुलांना थेंब पाजले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया यांनीही लोकांना समजावण्यात हात दिला. हळूहळू दारे उघडली.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. नैसर्गिक पोलिओ विषाणूची ती भारतातील शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला.

तरीही थेंब थांबलेले नाहीत, कारण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. पुढच्या वेळी बूथवर गेलात, तर ताईंना बाटलीवरचा तो चौकोन दाखवायला सांगा.